रुळाचा तुकडा

"आकडे न बघता लिहिले आहेत." चौकशीच्या सहा दिवसांत हे वाक्य मी अकरा वेळा टाइप केलं. दर वेळी समोर बसलेला माणूस वेगळा असायचा, पण तो बोलायचा एकाच माणसाबद्दल. तो माणूस, म्हणजे दिवाकरकाका, खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून सगळं ऐकायचा आणि मी त्याच्याकडे न बघता कीबोर्ड बडवायची. स्टेनोला मत नसतं असं आमच्या रेल्वेत धरून चालतात. मला आहे, आणि ते बहुतेक वेळा चिडकंच असतं. पण ते मांडायला मला कुणी पाचारण केलं नव्हतं.

एकवीस मेला दुपारी पावणेतीनच्या सुमारास रायपूरकडे येणारी पॅसेंजर कनेरडीहच्या वळणावर रुळावरून उतरली. तीन डबे कलंडले. तीन माणसं गेली, चाळीसच्या वर जखमी झाली. गाडीचा ड्रायव्हर यशदीप दोन्ही पाय मोडून दवाखान्यात पडला होता आणि शुद्धीवर आल्यापासून एकच सांगत होता. समोरचा रूळ वाकलेला त्याला दिसला, त्याने ब्रेक मारला, पण गाडी थांबायला जागाच उरली नव्हती. इंजिनातल्या यंत्रावर त्याचा वेग बरोबर निघाला. म्हणजे पोरगा खरं बोलत होता. मग रूळ वाकला कसा आणि तो वेळेवर कुणाला दिसला का नाही, हे शोधायचं राहिलं.

कसा वाकला ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मे महिन्यात इथला रूळ इतका तापतो की लांब व्हायला बघतो, आणि पुढे सरकायला जागा नसली की आडवा फुगतो. म्हणून रुळाचं तापमान पासष्टच्या वर गेलं की माणसं गस्तीला निघतात. पायी चालत, हातात लाल झेंडी घेऊन. रूळ वाकडा दिसला की गाडी अडवायची. हे तापमान मोजायचीही एक जुनी रीत आहे. ऑफिसच्या अंगणात रुळाचा हातभर तुकडा खडीवर उन्हात टाकून ठेवतात, त्याला भोक पाडून आत थर्मामीटर बसवतात. तुकडा जितका तापला तितकाच खरा रूळ तापला, असा हिशोब. बारा वाजल्यापासून दर तासाला एकाने जाऊन आकडा बघायचा आणि रजिस्टरात लिहायचा. आमच्या सेक्शनला तो एक माणूस म्हणजे दिवाकरकाका. पायावर रूळ पडल्यापासून त्यांना हे बसून करायचं काम दिलं होतं.

एकवीस मेच्या पानावर त्यांच्या अक्षरात होतं: बारा वाजता बासष्ट, एक वाजता त्रेसष्ट, दोन वाजता साठ. पासष्ट झालंच नाही, म्हणून गस्त निघाली नाही. शेजारच्या सेक्शनच्या रजिस्टरात त्याच दिवशी दोन वाजता सदुसष्ट होते आणि त्यांची माणसं गस्तीवर होती.

चौकशी करायला आलेल्या इरावती मॅडम पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या आणि कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. मला त्या आवडल्या होत्या, हे आधीच कबूल करते. पहिल्याच दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांनी आमचा थर्मामीटर तपासला. नवाकोरा दुसरा थर्मामीटर पलीकडच्या सायडिंगच्या, म्हणजे बाजूच्या जादा लाइनच्या रुळाला लावला आणि अर्धा तास उन्हात उभ्या राहिल्या. दोन्हीकडे आकडा सारखाच आला. यंत्र चोख होतं. राहिला माणूस.

"मे महिन्यात दुपारी दोनला रूळ एकपेक्षा गार कसा होतो?" त्यांनी काकांना हिंदीत विचारलं.

"मॅडम, जो दिखा वही लिखा," काका म्हणाले.

"एकदा नाही, रोज. महिनाभर रोज दोनचा आकडा एकपेक्षा कमी. हे तुम्ही जेवून ऑफिसात लोळत लिहिलं असणार."

"जो दिखा वही लिखा, मॅडम."

सहा दिवस काकांनी या एका वाक्यापलीकडे काही सांगितलं नाही. मला तर त्यांचाच राग यायला लागला होता. माणसाने जरा तरी भांडावं. खोटी नोंद केल्याचा पोलिसी गुन्हा लागणार होता, नोकरीचे चौदा महिने उरले होते, आणि हा माणूस गुडघ्यावर हात ठेवून एखाद्या शाळकरी पोरासारखा बसून होता.

ते माझे खरे काका नव्हेत. माझे बाबा, हरिदास गजभिये, आणि ते एकाच टोळीत होते. नऊ वर्षांपूर्वीच्या मेमध्ये बाबांना गस्तीवर लू लागली, म्हणजे उष्माघात झाला. बाटलीतलं पाणी संपलं होतं आणि पुढचं फाटक चार किलोमीटरवर होतं. काकांनी त्यांना ट्रॉलीवर घालून आणलं, पण आणेपर्यंत उशीर झाला होता. मला बाबांच्या जागी नोकरी मिळाली. मायने पुढच्या चौदा एप्रिलला बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि ऑफिसच्या फाटकाजवळ कडुनिंबाखाली दोन माठ मांडले. तेव्हापासून दर वर्षी जयंतीला तिची पाणपोई सुरू होते आणि पाऊस लागेपर्यंत चालते. गस्तीला निघालेला माणूस आधी तिथे पोटभर पाणी पितो, बाटली भरतो, मग वाटेला लागतो. तसंच निघायची कुणाची हिंमत नाही. माय अंजनाबाई आवाजाने लहान आहे, पण डोळे मोठे करते.

यंदा नव्या लाइनसाठी तो कडुनिंब तोडला. काकाच म्हणाले, "इकडं अंगनात ठेवा वहिनी, ऑफिसच्या समोर. मी दिवसभर हावोच." जागा मिळाली पण सावली नव्हती. मग मी पंडरीच्या बाजारातून हिरवी जाळी आणली, रोपवाटिकेत टाकतात तसली. चार बांबू रोवले. पश्चिमेकडच्या दोऱ्या काकांनी बांधल्या, पूर्वेकडच्या मी. माझ्या बाजूला जाळी लोंबत होती, म्हणून मी ती चांगली दोन हात पुढे ओढली आणि बांबू सोडून पलीकडच्या लोखंडी खांबांना करकचून बांधली. जाळी ताठ बसली. माय म्हणाली, "आता कशी झकास सावली पडली." मला त्या दिवशी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

चौकशीचा सहावा दिवस शेवटचा होता. मॅडमची गाडी संध्याकाळी पाचची होती आणि चारपर्यंत सगळे कागद सह्यांसाठी तयार हवे होते. सकाळी ऑफिसच्या फाटकातच विमलाकाकूंनी मला गाठलं. दिवाकरकाकांची बायको. तात्यापाऱ्यातल्या घरून रिक्षाने आल्या होत्या, हातात डबा होता.

"भावना, तू तिथंच बसते ना वं, त्या मॅडमपाशी?"

"हव काकू."

"मंग सांग ना त्यायले. हा मानूस खोटं लिहित नाही म्हनून. दोनचा आकडा घेतल्याबिगर ते डबा उघडत नाही. मी कितीदा भांडली त्यायच्याशी, का अन्न निवते म्हनून." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "काल पोलीस घरी आले. आमच्या पोरीच्या, पिंकीच्या पुढं विचारलं, साहब नींद में लिखते थे क्या. पोट्टी रात्रभर रडून राहिली."

"काकू, माह्या हातात काही नाही," मी म्हणाले. "मी फक्त टाइप करते."

त्यांनी डबा काकांसाठी माझ्या हाती दिला आणि त्या वळल्या. मला मात्र माझ्या उत्तराची किळस आली, आणि तो राग मी शिपायावर काढला.

मॅडमनी मला एक शेवटचा तक्ता करायला सांगितला होता. मागच्या वर्षीचे आणि या वर्षीचे आकडे शेजारी शेजारी मांडायचे, म्हणजे काकांचा खोटेपणा आंधळ्यालाही दिसेल. मी एक वाजता बसले. मागचं वर्ष सरळ होतं. एकपेक्षा दोनला जास्त, दोनपेक्षा तीनला थोडं कमी, पानामागून पान तेच. या वर्षाचा एप्रिलही तसाच सुरू झाला. एक तारीख, दोन तारीख, दहा, बारा, तेरा, सगळीकडे दोनचा आकडा एकच्या वर. आणि मग तो खाली गेला, आणि अपघाताच्या दिवसापर्यंत खालीच राहिला.

मी हात थांबवले. इतके दिवस जे नुसतं कानावरून जात होतं ते आता डोळ्यांनी दिसत होतं. दुपारी दोनला ऊन चढतं हे या गावात कुणाला माहीत नाही? ज्याला घरबसल्या आकडे ठोकायचे तो माणूस दोनला मोठा आकडा ठोकेल. एकला त्रेसष्ट लिहिलं तर दोनला चौसष्ट लिहील आणि निवांत झोपेल. कुणी ढुंकून बघणार नाही. खोटं लिहिणारा माणूस पटेल असं लिहितो. महिनाभर रोज न पटणारा आकडा लिहायचा, आणि तोही वेळेवर, याला एक तर वेड लागलेलं असावं लागतं किंवा तो आकडा खरंच तिथे असावा लागतो.

मग मी वर जाऊन तारीख बघितली. उतार चौदा एप्रिलपासून होता.

ती तारीख आमच्या घरात विसरली जात नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला सगळं कळलं होतं, फक्त ते खोटं निघावं म्हणून मी उठून अंगणात गेले.

पावणेदोन झाले होते. बाहेर चिटपाखरू नव्हतं. साहेबलोक जेवत होते, माय जेवायला घरी गेली होती. अपघातानंतर तापमान नव्या यंत्राने थेट मेन लाइनवर मोजत होते, त्यामुळे त्या रुळाच्या तुकड्याकडे आठवडाभर दुपारचं कुणी फिरकलं नव्हतं. ज्यांनी बघितला त्यांनी सकाळी बघितला, ऊन सोसवतं तेव्हा. सकाळी सावली पश्चिमेकडे पडते, तुकड्यापासून दूर.

आता ती पूर्वेकडे सरकली होती. मी ओढून ताठ केलेली ती दोन हात जाळी थेट त्या तुकड्याच्या अंगावर सावली धरून होती. विरळ, झिरझिरीत सावली, वाकून आकडा वाचणाऱ्याच्या ध्यानातही न येणारी. शिवाय माठांखालची माती ओली होती आणि तिचा ओघळ खडीपर्यंत आला होता. मी खाली बसले आणि तुकड्याला हात लावला. चटका बसला, पण हात ठेवता आला. थर्मामीटरवर एकसष्ट होते. मग मी सायडिंगवर गेले आणि तिथल्या रुळाला हात लावला. तो हात मी दुसऱ्या सेकंदाला झटकला.

काकांनी जे दिसलं तेच लिहिलं होतं. गस्त निघाली नव्हती, कारण रुळाचा तुकडा आमच्या सावलीत बसला होता.

पुढचं सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. मी खांबापाशी गेले आणि दोरीची गाठ सोडायला घेतली. माझ्या डोक्यात स्पष्ट काही नव्हतं. जाळी गुंडाळून ठेवावी, माठ उचलून भिंतीला लावावेत, माय आली की सांगावं की साहेबांनी हलवायला सांगितलं. बस. कुणाला कशाचा पत्ता लागला नसता. तीन माणसं काही परत येणार नव्हती. बाबांच्या नावाने ठेवलेल्या माठांना कुणी बोट लावलं नसतं. मायला तर मरेपर्यंत कळलं नसतं.

गाठ माझीच होती, मला ती माहीत होती. पहिला वेढा सहज सुटला. दुसरा सोडताना नखाखाली सुतळीचं कुसळ गेलं. मी बोट तोंडात धरून उभी राहिले, आणि खिडकीतून मला काका दिसले. ते त्याच स्टुलावर बसले होते. पुढ्यात काकूंचा डबा होता, बंद. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. दोन वाजायला आले होते, आणि इतक्या वर्षांची सवय अंगातून गेली नव्हती. एवढ्याने माझा लपवायचा धीर सुटला. मी तो वेढा परत घातला, होता तसा, आणि आत जाऊन मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिले.

"मॅडम, तुम्ही थर्मामीटर सकाळी तपासला," मी म्हणाले. "आता तपासा. आत्ता."

घाईत मी मराठीत बोलले होते. त्यांनी चमचा खाली ठेवला. "का?" त्यांनीही मराठीतच विचारलं.

"मी सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी दिवाकरकाकांची बाजू घेतेय. तुम्ही स्वतःच बघा."

मग त्यांनी पर्समधून टोपी काढली आणि उठल्या.

दोन वाजता आम्ही सगळे अंगणात होतो. मॅडम, त्यांचे दोन सहायक, काका आणि मी. नवा थर्मामीटर सायडिंगच्या रुळाला लावला. त्याला स्थिर व्हायला अर्धा तास लागतो, म्हणून अर्धा तास कुणीच हललं नाही. घाम डोळ्यांत जात होता. सावली कुठे पडलीय ते मॅडमना पहिल्या क्षणीच दिसलं असणार, पण त्यांना आकडा हवा होता. काकांना दिसलं तेव्हा त्यांनी आधी तुकड्याकडे बघितलं, मग वर जाळीकडे, मग माझ्याकडे. आपला आकडा खरा होता याचा आनंद त्यांच्या तोंडावर शोधला तरी सापडला नसता.

अडीच वाजता मॅडमनी दोन्ही आकडे मोठ्याने वाचले. सायडिंगवर अडुसष्ट. तुकड्यावर साठ.

नेमकी तेव्हाच माय आली. डोक्यावर पदर, हातात घासलेले स्टीलचे ग्लास. एवढी माणसं तिच्या पाणपोईभोवती उन्हात उभी बघून तिला वाटलं तहान लागली म्हणूनच आलीत. तिने पहिला ग्लास भरून मॅडमपुढे धरला. मॅडमनी तो घेतला, पण प्यायल्या नाहीत.

"काय पाहून राहिले सगळे?" मायने मला विचारलं.

आठ अंशांचा फरक असा मायेच्या माणसाला कसा सांगायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी मीच सांगितलं, जमेल तितकं थोडक्यात. जाळीची सावली तुकड्यावर पडते. त्यामुळे आकडा कमी दिसतो. आकडा कमी दिसला म्हणून माणसं गस्तीला निघाली नाहीत.

तिला दोनदा सांगावं लागलं नाही. तिचा नवरा याच आकड्यावर उन्हात निघायचा.

"किती मेले म्हनते त्या गाडीतले?" तिने विचारलं.

"तीन."

"नावं काय त्यायची?"

मला पाठ होती, मीच टाइप केली होती. इंदू साहू, दवाखान्यात आया होत्या. गुलाबराव देशमुख, लेकीकडे निघाले होते. आणि एक तरुण, ज्याचं नाव दोन दिवस कळलंच नव्हतं, धम्मदीप. मायने तिन्ही नावं हळू आवाजात स्वतःशी म्हटली. मग हातातले बाकीचे ग्लास खाली मातीत ठेवले, एकेक करून, पालथे.

"मीच मारलं मंग त्यायले," ती म्हणाली. ओरडून नाही, रडूनही नाही. मला वाटलं ती पडेल, म्हणून मी दंड धरायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला.

तीन वाजता तिचा जबाब सुरू झाला. ती साक्षीदार क्रमांक बावीस. काकांच्या शेजारच्या खुर्चीवर ती बसली नाही, उभीच राहिली. मॅडम मराठीत विचारत होत्या आणि मी हिंदीत टाइप करत होते. नाव, वय, नवऱ्याचं नाव, पाणपोई केव्हापासून. इथवर माझी बोटं नीट चालली.

"ही जागा तुम्हाला कुणी दिली?" मॅडमनी विचारलं.

काकांनी मान वर केली. मायने त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"कोनी नाही," ती म्हणाली. "मीच ठेवले माठ. कोनाले विचारलं नाही."

"आणि जाळी? ती कुणी बांधली?"

"मीच."

मॅडमनी खिडकीतून बाहेर बघितलं. खांब दोन माणसं उंच नव्हते, पण मायपेक्षा पुष्कळ उंच होते. "एकटीने?"

"हव. एकटीनं."

मला तिचा सगळा हिशोब कळला. काकांनी जागा दिली हे लिहिलं गेलं असतं तर ते खोटारडे ठरले नसते, पण हलगर्जी ठरले असते. माझ्या दोऱ्या लिहिल्या गेल्या असत्या तर माझ्या नोकरीवर बालंट आलं असतं, जी नोकरी बाबांच्या जिवावर मिळालेली. ती स्वतः कुणाची नोकर नव्हती. तिचं काय वाकडं होणार, असं तिला वाटत असावं. कायद्यातलं तिला काही कळत नाही, आणि कळलं असतं तरी ती हेच म्हणाली असती.

पडद्यावर मी "मैंने अकेले" इतकं टाइप केलं होतं. पुढे बोटं जाईनात.

"लिही," माय म्हणाली.

मी हात मांडीवर घेतले.

"लिही भावना. मी सांगून राहिली ना."

सहा दिवस या खोलीत एकच भानगड चालली होती, की एका माणसाने डोळ्यांनी न बघितलेलं कागदावर लिहिलं का. त्याने लिहिलं नव्हतं. महिनाभर त्याला स्वतःलाही न पटणारा आकडा दिसला आणि तोच त्याने लिहिला, त्यापायी पोलीस घरी आले, तरी तो बदलला नाही. आणि मी, डोळ्यांनी बघितलेलं सोडून, मायच्या तोंडचं खोटं सरकारी कागदावर उतरवायला बसले होते, कारण त्यात माझं भलं होतं.

"वहिनी, राहू द्या," काका कोपऱ्यातून म्हणाले. सहा दिवसांत त्यांचं हे पहिलंच वेगळं वाक्य होतं. "जागा मी दिली मॅडम. तोंडी. पश्चिमेकडच्या दोऱ्याबी माह्याच."

पूर्वेकडच्या कुणाच्या, ते ते बोलले नाहीत. तेवढं त्यांनी माझ्यावर सोडलं, आणि त्यांनी ते नुसतं सौजन्याने सोडलं होतं, मी गप्प बसले असते तरी ते जन्मभर बोलले नसते.

मी ते अर्धं वाक्य खोडलं आणि कीबोर्ड पुढे सरकवला.

"मॅडम, हे मी टाइप करू शकत नाही," मी म्हणाले. "माझाही जबाब घ्या. आणि स्वतःचा जबाब स्वतः टाइप करायचा नसतो."

मॅडमनी चष्मा पुसला. त्यांच्या गाडीला पावणेदोन तास उरले होते. त्यांनी सहायकाला बाहेर पाठवून तिकीट रद्द करायला सांगितलं, खुर्ची माझ्या टेबलाशी ओढली आणि कीबोर्ड स्वतःकडे फिरवला. एका बोटाने एकेक अक्षर शोधत त्यांनी नवं पान उघडलं.

"साक्षीदार क्रमांक तेवीस," त्या म्हणाल्या. "नाव सांगा."

हा प्रश्न बावीस जणांना विचारलेला मी ऐकला होता, आणि तो इतका कठीण असतो हे मला माहीत नव्हतं.

"भावना हरिदास गजभिये. स्टेनो."

"जाळीची पूर्वेकडची बाजू कुणी बांधली?"

"मी. लोंबत होती म्हणून दोन हात पुढे ओढली. तिच्याच सावलीत तुकडा आला."

माय भिंतीकडे तोंड करून उभी होती. पाठ ताठ होती, पदर गच्च धरलेला. मी खोटं खोडलं याचा तिला राग आला होता आणि तो तिच्या पाठीवरून मला दिसत होता. आणखी न बोलता जबाब तिथे संपवता आला असता. मॅडमनी तसं विचारलंही, आणखी काही सांगायचंय का म्हणून.

"हो," मी म्हणाले. "आज पावणेदोनला हे सगळं मला कळलं होतं. तुमच्याकडे यायच्या आधी मी ती गाठ सोडायला घेतली होती. अर्धी सोडलीही होती."

मॅडमचं बोट मधेच थांबलं, मग पुन्हा अक्षरं शोधायला लागलं. काकांनी डोळे मिटून घेतले. आणि माय वळली, आणि पाणपोईवर पाणी न पिता निघालेल्या माणसाकडे बघते तसे डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिली.